राखीव जोर

परवा शिरगावात माझा एक जुना विद्यार्थी मोटार घेऊन दारात आला. इंजिनाचा संगणक ‘रीमॅप’ करायचा होता आणि ‘गुरुजी, कोणता पर्याय घेऊ?’ म्हणून तो मलाच विचारीत होता! पहिल्यात टर्बोचा दाब बेताने वाढे. दुसऱ्यात पुष्कळ, पण सायलेन्सरही बदलायचा, पेट्रोलही ९५ ऑक्टेनचेच हवे. कमी ऑक्टेनचे पडले, की वायू अवेळी भडकून दट्ट्यावर ठोके बसायचे.

‘कंपनीने हा जोर मुद्दाम दडवलाय,’ तो म्हणाला.

‘दडवला नाही रे, राखलाय. बोरघाटाचा चढ, वैशाखाचे ऊन, गाडीत पाच माणसे नि टाकीत भलतेच पेट्रोल, हे एकाच दिवशी जमून आले तर?’ अंगात आहे म्हणून सगळा जोर खर्चायचा का, यावर मी आणखीही पुष्कळ बोललो असतो. मास्तरकीची सवय!

पण मध्येच अडखळलो. सातवीत याच पोराला मी शिष्यवृत्तीसाठी पहाटे चारला उठवीत असे. हुशार होता, म्हणून आणखी ताणला. परीक्षेच्या दिवशी तो तापाने फणफणला. त्याच्यात मी काय राखले होते?

त्याला ते आठवत असावे. बोलला मात्र नाही.

‘पहिलाच घे,’ मी हळूच म्हटले.