वारस की कारभारी?



आपल्या धर्मग्रामातील एका मित्राला आपण नुकताच अखेरचा निरोप दिला. त्याचे नाव इथे लिहीत नाही; ते आपणा सर्वांना ठाऊक आहे आणि प्रसिद्धी त्याला कधी रुचली नाही. अंत्यविधीला चर्च भरून गेले होते. बाहेर जो तो म्हणत होता, ‘घर सांभाळले, धंदा सांभाळला आणि समाजालाही वेळ दिला.’ ते खरेच आहे. किराणा दुकान चालवून त्याने मुलांना शिकवले, अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा केली. पतपेढीच्या आणि सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या कामात कधी खंड पडू दिला नाही.

नंतर काही जणांनी विचारले, ‘फादर, प्रवचनात त्याच्याविषयी एवढे थोडकेच का?’ प्रश्न रास्त आहे. मिस्सा-ग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये (कलम ३८२) सांगितले आहे की, अंत्यविधीच्या मिस्साबलिदानात छोटेसे प्रवचन असावे, पण ते मृताचे गुणगान नसावे. यात कठोरपणा नाही, माया आहे. आपण एखाद्याला त्याच दिवशी संत ठरवून मोकळे झालो, तर त्याच्यासाठी प्रार्थना कोण करणार? मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या १२व्या अध्यायात यहुदा मक्काबी आपल्या मृत सैनिकांसाठी यरुशलेमला अर्पण पाठवतो. ते शूर होते, तरी त्यांना प्रार्थनेची गरज आहे हे तो जाणत होता.

मग गेलेल्या मित्राचा सन्मान म्हणजे नेमके काय? आपली स्तुती त्याच्या कानी पडत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने आपल्या नीतिशास्त्राच्या पहिल्याच भागात हा प्रश्न घेतला आहे: माणूस गेल्यावर त्याच्या मुलाबाळांचे आणि मित्रांचे जे बरेवाईट होते, ते त्याच्यापर्यंत पोहोचते का? पोहोचलेच तर अगदी थोडे, असे तो सावधपणे म्हणतो. पुढे मैत्रीचे त्याने तीन प्रकार सांगितले: उपयोगापुरती, सुखापुरती आणि सद्गुणावर उभी असलेली. उपयोग संपला की पहिली संपते. म्हणूनच आपली मैत्री कोणत्या प्रकारची होती, हे मित्र गेल्यावर कळते. आता त्याच्याकडून मिळण्यासारखे काही उरलेले नसते.

ॲरिस्टॉटलपाशी जे उत्तर अर्धे राहते, ते चौथ्या शतकातील एका भावाने आपल्या वागण्यातून पुरे केले. मिलानचे बिशप संत अँब्रोज यांचा भाऊ सॅटिरस हा वकील होता, एका प्रांताचा राज्यपालही झाला होता. अँब्रोज बिशप झाले तेव्हा त्याने सरकारी पद सोडले आणि घराचा सारा व्यवहार आपल्या अंगावर घेतला. भाऊ देवाच्या कामाला मोकळा राहावा, म्हणून हिशेब, जमीनजुमला, येणी यांच्यामागे तो धावला. कुटुंबाचे अडकलेले पैसे वसूल करायला तो आफ्रिकेला गेला. समुद्रप्रवासात त्याचे जहाज फुटले, तो कसाबसा वाचला. घरी परतल्यावर थोड्याच काळात तो आजारी पडून वारला.

अँब्रोज भावाविषयी दोनदा बोलले, अंत्यसंस्काराच्या दिवशी आणि पुन्हा सातव्या दिवशी. रडलो हे त्यांनी लपवले नाही. प्रभू येशूही लाजरसाकरिता रडला होता, याची त्यांनी आठवण दिली. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. सॅटिरसने मृत्युपत्र केले नव्हते. गरिबांना योग्य वाटेल ते द्या, एवढेच त्याने सांगून ठेवले. त्यावर अँब्रोज आणि त्यांची बहीण मार्सेलिना यांनी काय ओळखले? भावाने आपल्याला वारस म्हणून नव्हे, तर कारभारी म्हणून मागे ठेवले आहे. त्यांनी सारे गरिबांचे मानले.

बंधू-भगिनींनो, आपल्या मित्राच्या मागे आपण कोण आहोत, वारस की कारभारी?

त्याच्या उधारीची वही आता मुलांच्या हाती आली आहे. काही उधारी तिच्यात लिहिलेली आहे. काही मात्र त्याने कधी लिहिलीच नाही. कोणाच्या घरी आजारपण होते, कोणाची नोकरी सुटली होती. ती उधारी फक्त त्याच्या लक्षात होती. आज ती देणेकऱ्याला आणि देवाला ठाऊक आहे. मेलेल्या माणसाला फसवता येते का? संत थॉमस अक्वायनस यांच्या मते न्याय म्हणजे ज्याचे त्याला देण्याची अढळ इच्छा. घेणारा डोळे मिटून गेला म्हणून ती इच्छा मिटत असेल, तर आधीही ती न्यायबुद्धी नव्हती, केवळ भीड होती. ज्यांना जमेल त्यांनी जाऊन द्यावे. ज्यांना खरोखर जमत नाही, त्यांनी त्याच्या घरी जाऊन तसे निदान सांगावे. ऋण मान्य करणे हाही सन्मानच आहे. आणि त्याच्या मुलांनीही बापाची वही बापाच्याच डोळ्यांनी वाचावी.

आणखी एक ऋण आपण विसरतो. समाजसेवेचे श्रेय एकाला मिळते, पण तिची किंमत सारे घर मोजते. तो सभेला बसलेला असताना गल्ल्यावर त्याची पत्नी उभी असे. रात्री उशिरा जेवण पुन्हा गरम करणारीही तीच. त्याचे कुटुंब, धंदा आणि सेवा ही तीन खाती नव्हती. एकाच माणसाचे एकच प्रेम तिन्ही ठिकाणी खर्ची पडत होते, आणि त्यात तिचाही वाटा होता. त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करताना तिची विचारपूसही व्हावी, आणि ती पहिल्या महिन्यापुरती नको.

व्हिन्सेंट डी पॉल संस्थेतील त्याची जागा रिकामी आहे. फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी १८३३ साली पॅरिसमध्ये गरिबांच्या घरी जाण्यापासून ही संस्था सुरू केली. आपला मित्रही तेच करीत होता. ज्या घरांच्या पायऱ्या तो चढत असे, तिथले लोक आजही कोणाची तरी वाट पाहत आहेत. तिथे जाण्याची तयारी असेल, त्यांनी मिस्सानंतर आम्हाला भेटावे.

प्रभू आपल्या या मित्राला चिरशांती देवो, आणि त्याने मागे ठेवलेल्या कामाचे विश्वासू कारभारी होण्याची कृपा आपणास देवो.

आपले धर्मगुरू