परीक्षकाचा अधिकार

विद्यार्थ्यांनी चालवलेल्या विधी-नियतकालिकाकडे लेख पाठवणारा प्राध्यापक किंवा वकील आपले लेखन वयाने आणि अनुभवाने लहान असलेल्यांपुढे तपासणीसाठी ठेवतो. इतर बहुतेक विद्याशाखांत लेख त्या विषयातल्या मुरलेल्या जाणकारांकडे जातो. कायद्यात ही वेगळी रीत १८८७ मध्ये सुरू झालेल्या 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'ने रुजवली; भारतात बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलसारख्या संस्थांनी ती उचलली. अमेरिकी न्यायाधीश रिचर्ड पोस्नर यांच्यासारख्यांनी तिच्यावर कडक टीकाही केली आहे. टीकेच्या मुळाशी असलेला प्रश्न तात्त्विक आहे: ज्याचे ज्ञान कमी, त्याला अधिक जाणणाऱ्याची परीक्षा घेण्याचा अधिकार कोठून मिळतो?

भारतीय परंपरेत हा प्रश्न जुना आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात अंगिरसाच्या मुलाची कथा येते. तो लहान असून वडीलधाऱ्यांना शिकवतो आणि त्यांना 'बाळांनो' अशी हाक मारतो. ते रागावून देवांकडे दाद मागतात, तेव्हा देव मुलाच्याच बाजूने निवाडा देतात. पण ही कथा पुरेशी नाही. तिथे मुलाकडे ज्ञान अधिक आहे. विद्यार्थी-संपादकाकडे ते नसते. त्याच्या अधिकाराचा खरा आधार न्यायसूत्रांत सापडतो. गौतमाने वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार केले. जिंकण्यासाठी तो जल्प; स्वतःचा पक्षच न मांडता नुसते खंडन ती वितंडा; तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद. असा वाद कोणाशी करावा, तर गुरू आणि सहाध्यायी यांच्याबरोबर शिष्याशीही, असे सूत्र सांगते. अट एकच: समोरचा मत्सरी नसावा.

अशा अधिकाराची मर्यादा कुठे येते, हे इंदूरच्या एका खटल्यावरून कळते. शाहबानो यांनी १९७८ मध्ये इंदूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पोटगीचा अर्ज केला. पती त्याच शहरातले वकील. त्यांनी तलाक दिला. १९७९ मध्ये दरमहा २५ रुपये मंजूर झाले. पुढच्या वर्षी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच सदस्यांच्या पीठाने पतीचे अपील फेटाळले. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ सर्व धर्मीयांना लागू आहे, असे सांगून न्यायालय थांबले नाही. त्याने कुराणातील आयतींची भाषांतरे पाहिली आणि त्यांचा अर्थही सांगितला. इथे अधिकाराचा तोच प्रश्न उभा राहिला: धर्मग्रंथाचा अर्थ धर्माबाहेरच्या न्यायाधीशाने सांगावा का?

या निकालावरचा लेख एखाद्या विधी महाविद्यालयातल्या विद्यार्थी-संपादकांपुढे आला, तर त्यांना आयतीचा खरा अर्थ ठरवायचा नसतो. लेखकाने कोणते भाषांतर घेतले, ते तळटीपेत नोंदवले का, निकालातला उतारा मूळ शब्दांत आहे का, १९८६ चा मुस्लिम महिला कायदा आणि त्याचा अर्थ लावणारा २००१ चा डॅनियल लतिफी निकाल विचारात घेतला का, विरोधी पक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला का, हे त्यांनी पाहायचे असते. मीमांसेच्या अधिकरणातही विषय आणि संशयानंतर पूर्वपक्ष येतो, मग सिद्धांत. ही तपासणी कष्टाळू विद्यार्थी चोख करू शकतो, कारण ती मान्यतेवर नव्हे, पुराव्यावर चालते. श्रद्धेला गुण देण्याचा अधिकार मात्र तिच्यातून मिळत नाही, आणि लेखाचा निष्कर्ष पटला नाही म्हणून तो परत पाठवण्याचाही नाही. ही मर्यादा ओलांडली की वादाचा जल्प होतो.

लेखकाचे नाव झाकून लेख वाचण्याची प्रथाही अशाच जुन्या मतभेदाला भिडते. नैयायिकांच्या मते शब्दाला प्रामाण्य येते ते आप्त, म्हणजे विश्वासार्ह, वक्त्यामुळे. मीमांसकांच्या मते शब्दात दोष शिरतो तो वक्त्यामुळेच. वेद अपौरुषेय, म्हणून निर्दोष. माणसाने लिहिलेला लेख अपौरुषेय होऊ शकत नाही. पण नाव झाकल्यावर वाचकाला आप्तत्वाचा आधार उरत नाही आणि युक्तिवादाला स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते. म्हणून नाव, पद आणि संस्था वेगळ्या पानावर द्यावी, 'मी पूर्वी दाखवल्याप्रमाणे' अशा ओळी काढाव्यात, ही सूचना निव्वळ औपचारिक नाही.

या रीतीचे फळ दूरवर पोचते. वॉरन आणि ब्रँडाइस यांचा खासगीपणाच्या हक्कावरचा लेख १८९० मध्ये 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'त विद्यार्थ्यांच्या संपादनाखाली छापला गेला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा यशवंतरावांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात त्या लेखाची दखल घेतली.