चर बुजवण्यापूर्वी

सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या बांधकामावरचा निरीक्षक म्हणजे कंत्राटदाराचे काम मंजूर नकाशा, निविदेतील तपशील आणि भारतीय मानके यांना धरून होते आहे की नाही, हे काम चालू असताना जागेवर उभे राहून पाहणारा माणूस. महाराष्ट्रात या नावाचे पद सहसा नसते. ही जबाबदारी कनिष्ठ किंवा शाखा अभियंत्यावर असते, आणि अलीकडे तिच्यातला काही भाग त्रयस्थ तपासणी करणाऱ्या संस्थांकडे गेला आहे. पद कोणतेही असो, त्याच्या अधिकाराला एक विलक्षण मर्यादा आहे. चर उघडा आहे तोवरच तो काही पाहू शकतो. माती पडली, वर डांबर आले, की पुढची पन्नास वर्षे ते काम कोणाच्याही दृष्टीस पडत नाही.

याचे उदाहरण म्हणून पनवेल पाहावे. हे मूळचे तळ्यांचे गाव. वडाळे, कृष्णाळे, देवाळे ही तळी गावाच्या डोळ्यांसमोर होती. पाणी आटले किंवा गढूळ झाले तर ते काठावरून दिसत असे. १८५२ साली नगरपालिका स्थापन झालेल्या आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून महानगरपालिका असलेल्या या शहराचे आजचे पाणी मात्र जमिनीखालून येते. माथेरानच्या पायथ्याशी गाढी नदीवरचे देहरंग धरण शहराच्या मालकीचे, पण लहान आणि गाळाने भरत आलेले. उन्हाळ्यात त्यावर भागत नाही. लोणावळा परिसरातील टाटांच्या तलावांचे पाणी खोपोलीच्या वीजगृहातून पाताळगंगेत उतरते. महाराष्ट्र जीवन प्राधिकरण नदीचे पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध करून पनवेल आणि न्हावा-शेव्याच्या बाजूला पाठवते. सिडको पेणजवळच्या हेटवणे धरणाचे पाणी आपल्या वसाहतींना देते. इतक्या लांबच्या प्रवासात पाण्याची राखण वाहिनीच्या सांध्यांवर अवलंबून असते.

डी. आय. म्हणजे डक्टाइल आयर्नचे पाइप साधारण साडेपाच-सहा मीटर लांबीचे असतात, म्हणजे एका किलोमीटरला पावणेदोनशेच्या आसपास सांधे. पाइपाच्या रुंद तोंडातील खाचेत रबर रिंग बसवायची, दुसऱ्या पाइपाचे निमुळते टोक वंगण लावून खुणेपर्यंत आत ढकलायचे, एवढीच कृती. रिंगेखाली वाळूचा खडा राहिला, रिंग पिळली गेली, टोक खुणेच्या अलीकडेच थांबले, तर वरून काही कळत नाही. चराच्या तळाशी काळा कातळ लागला तर त्यावर मऊ भराव टाकून पाइपाला सबंध लांबीभर बैठक द्यावी लागते. तसे न केल्यास पाइप दोन-तीन टोकदार दगडांवर टेकून राहतो. पनवेलच्या एका बाजूला असा कातळ, तर कामोठे-कळंबोलीकडे खाडीची खारी, चिकण जमीन. तिथे लोखंडी वाहिनीच्या बाह्य आवरणावरचा एक ओरखडाही गंजाला वाट देतो, म्हणून पाइप चरात उतरवण्यापूर्वीच आवरण तपासावे लागते. पावसाळा तोंडावर आला की आणखी एक धोका: मोठ्या व्यासाचा रिकामा पाइप पाण्याने भरलेल्या चरात तरंगतो आणि एका रात्रीत सांधे उखडतात. संध्याकाळी काम थांबवताना उघडे टोक झाकणाने बंद केले आहे का, हे पाहणे क्षुल्लक वाटते. पण चिखल, बेडूक, कचरा आत जातो तो तिथूनच.

वळणांवरचे काँक्रीटचे ठोकळे हा याहून गंभीर विषय. ६०० मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीत चौरस सेंटिमीटरला १० किलो दाब असेल, तर बंद टोकावर सुमारे २८ टनांचा रेटा येतो. काटकोनी वळणावर तो ४० टनांपर्यंत जातो. हा रेटा पेलणारा ठोकळा न खणलेल्या, घट्ट जमिनीला टेकलेला असला पाहिजे. सैल भरावाला टेकवून ओतलेला ठोकळा वरून तितकाच चांगला दिसतो. त्याच्या काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे घन २८ दिवसांनी दाबून पाहिले आणि ते उत्तीर्ण झाले, तरी त्यातून ठोकळ्यामागची माती कशी आहे हे समजत नाही.

या सगळ्याची परीक्षा दाबचाचणीत होते. वाहिनी सखल टोकाकडून हळूहळू भरायची, हवा बाहेर काढायची, आतल्या सिमेंटच्या अस्तराला पाणी पिऊ द्यायचे, मग पंपाने दाब वाढवून तो टिकतो का पाहायचे. चाचणीचा दाब रोजच्या दाबाहून बराच जास्त, सहसा दीडपट धरतात. तोपर्यंत पाइपांच्या मध्यभागी माती टाकावी, सांधे मात्र उघडे ठेवावेत, अशी शिस्त आहे. पण पनवेलच्या उरण नाक्यासारख्या गर्दीच्या ठिकाणी चर दोन दिवस उघडा ठेवणे कोणालाच परवडत नाही. दुकानदार, रिक्षावाले, वाहतूक पोलीस, नगरसेवक सगळ्यांना रस्ता संध्याकाळी मोकळा हवा असतो. कंत्राटदारालाही तेच सोयीचे. मग सांधे आधी झाकले जातात आणि चाचणी नंतर होते, किंवा तुकड्यातुकड्याने उरकली जाते. निरीक्षकाच्या नोकरीतला खरा ताण इथे आहे. ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कागदावर त्याचा, पण तो वापरल्यावर त्याच्या पाठीशी वरिष्ठ उभे राहिले नाहीत, तर पुढच्या वेळी तो गप्प बसतो.

चाचणीपर्यंत सांधे उघडे ठेवण्याचा हट्ट पनवेलसारख्या शहरात विशेष महत्त्वाचा आहे, कारण इथे नळाला चोवीस तास पाणी नसते. वाहिनी भरलेली असताना सदोष सांध्यातून पाणी बाहेर गळते. नुकसान फक्त पाण्याचे. पुरवठा बंद झाला की वाहिनी रिकामी होते, आत पोकळी तयार होते आणि त्याच सांध्यातून भोवतीचे पाणी आत ओढले जाते. शेजारून गटार जात असेल तर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धारेत तेच घराघरांत पोहोचते. भोकरपाड्याला केलेले शुद्धीकरण अशा एका सांध्यापाशी वाया जाते.

कामाची नोंद कशी होते, हेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली मोजमाप पुस्तिका, म्हणजे एम. बी., हा या खात्यांचा आधार. तारखेनिशी नोंद, खाडाखोड नाही, चूक झाली तर छेद देऊन सही, अशी तिची कडक शिस्त. पण ती लांबी, रुंदी, खोली आणि नग सांगते, कारण बिल त्यावर निघते. रिंग नीट बसली होती का, ठोकळ्यामागे घट्ट जमीन होती का, याला तिच्यात जागा नाही. ज्याचे पैसे मोजायचे त्याची नोंद काटेकोर आणि ज्यावर लोकांचे आरोग्य अवलंबून त्याची निरीक्षकाच्या इच्छेवर सोडलेली, ही या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव मानली पाहिजे.

पनवेल परिसरात नव्या वाहिन्या पुढेही टाकाव्या लागणारच आहेत. त्या कामांच्या निविदांमध्ये चाचणीपर्यंत सांधे उघडे ठेवण्याचे दिवस आधीच धरावेत; प्रत्येक सांध्याचे छायाचित्र, चाचणीची नोंद आणि प्रत्यक्ष टाकलेल्या वाहिनीचा नकाशा हाती आल्याशिवाय अंतिम बिल काढू नये. आणि रस्ता दोन दिवस बंद राहिला तर तिथल्या रहिवाशांनी आणि दुकानदारांनी ते सोसावे, चर बुजवण्याची घाई करण्याऐवजी चाचणी झाली का, हे विचारावे.