नाव तेच ठेवायचं का?

आमचा चौघांचा एक ग्रुप होता. त्याला बँड आम्हीच म्हणायचो; कारंजात बँड म्हटलं की लोकांना वरातीतला बँड आठवतो. गिटार, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि गाणारा मी. गणपतीत वाजवायचो, हळदीच्या सुपाऱ्या घ्यायचो. नऊ वर्षांपूर्वी फुटलो. मागच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर मेसेज पडला: यंदा गणपतीत पुन्हा उभं राहू, नाव तेच. खाली दोन अंगठे, त्यातला एक माझा. ऑक्टोपॅडवाला त्या ग्रुपमध्येच नाही.

तेव्हापासून रात्री इंडस क्रीड ऐकतोय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे नाव ऐकलं नसेल. मुंबईत १९८४ साली रॉक मशीन नावाचा बँड सुरू झाला. सगळे इंग्रजी बँडची गाणी वाजवत असताना या पोरांनी स्वतःची लिहिली, १९८८ मध्ये अल्बम काढला. १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड केलं. १९९७ ला बँड संपला. २०१० मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया परत एकत्र आले. बास आणि ड्रम्सवर मात्र नवी माणसं, रुशाद मिस्त्री आणि जय रो कवी. २०१२ मध्ये नवा अल्बम आला, 'इव्हॉल्व्ह'.

मग हा तोच बँड का?

जहाजाचं जुनं कोडं तुम्ही रीलमध्ये पाहिलं असेल. एकेक फळी बदलत गेलो, तर शेवटी उरतं ते जहाज तेच का? मला हे कोडं बँडला लावणं पटत नाही. काढलेल्या फळीला राग येत नाही. ती दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर भेटून मान फिरवत नाही.

आमच्याकडची भजनी मंडळं बघा. याच महामार्गानं अमरावतीकडे गेलं की तुकडोजी महाराजांची मोझरी लागते. या पट्ट्यात खंजिरी गावोगावी आहे. मंडळातला आजोबा गेला की नातू टाळ घेतो आणि मंडळ तेच राहतं. कुणी विचारत नाही, कारण अभंग त्यांच्यापैकी कुणाचाच नसतो. रॉक बँडचं तसं नाही. तिथं गाणं त्याच चार-पाच डोक्यांतून, त्यांच्याच भांडणांतून आलेलं असतं. नावात प्रत्येकाचा वाटा असतो, निघून गेलेल्याचाही. म्हणून मला वाटतं, बँड तोच आहे का, हा प्रश्नच थोडा बाजूचा आहे. जो स्टेजवर नाही त्याला विचारलं होतं का, हा खरा प्रश्न. इंडस क्रीडच्या घरात काय बोलणं झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी माझ्या घरातलं बोलतोय.

लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बोनम १९८० मध्ये वारला आणि बाकीच्यांनी बँड थांबवला. २००७ मध्ये लंडनला एक कार्यक्रम केला तेव्हा ड्रम्सवर त्याचा मुलगा जेसन होता. पुढे ना दौरा, ना नवा अल्बम. चाहते हळहळले. चाहत्यांचं काय, आपल्याला जुनं गाणं हवं असतं म्हणजे खरं तर आपलं एकोणीसावं वर्ष हवं असतं. ते मागायचा हक्क आपल्याला आहे असं मला वाटत नाही, पण तिकीट काढलं की वाटायला लागतं.

जुनी गाणी वाजवायला समेट लागत नाही. हातांना सगळं पाठ असतं. वेगवेगळ्या गाड्यांतून यावं, वाजवावं, जावं. नवं गाणं तसं होत नाही. त्यात कुणीतरी म्हणणार, 'हे भंगार आहे', आणि दुसऱ्याला ते ऐकून घ्यावं लागणार. म्हणून दौऱ्यापेक्षा नव्या अल्बमवर माझा जास्त विश्वास बसतो. अल्बम कसा का असेना.

आमचं भांडण सुरांचं नव्हतं. एका हळदीची सुपारी मी घेतली होती. स्पीकरचं भाडं सांगून त्यातले दोन हजार मी वेगळे ठेवले. भाडं तेवढं नव्हतंच. ऑक्टोपॅडवाल्याला आकडा कळला, त्यानं चौकात विचारलं आणि मी उलट त्यालाच चोर म्हणालो. बाकीचे दोघे गप्प राहिले. त्या गप्प बसण्यावर आमचं नाव नऊ वर्षं पडून आहे.

काल संध्याकाळी त्याला फोन लावला. नंबर तोच होता.

'काऊन बे, आज कशी आठवण आली?'

गणपतीचं सांगितलं. मग दोन हजारांचं सांगितलं, चौकातलंही. बराच वेळ मागे फक्त फवारणीच्या पंपाचा आवाज. त्याच्या संत्र्याला फळगळ लागली आहे.

'मले माहीत होतं ना,' तो म्हणाला. 'तू सांगून राहिला, हे नवीन आहे.'

मी विचारलं, नाव तेच ठेवायचं का.

'नावाचं पाहू. ऑक्टोपॅड तर मी कवाच विकला.'