हुंकारा कोणासाठी?

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी दिवसा गोष्ट सांगायला मनाई होती. मुसाफिर वाट चुकतात, असे दादी म्हणायची. रात्री मात्र हुंकारा थांबला की तिची गोष्टही थांबे. मुले झोपली, हे तिला तेवढ्यावरून कळे.

जर्मनीत २०१६ साली ‘टोनीबॉक्स’ नावाची स्क्रीन नसलेली पेटी आली. वर बाहुली ठेवली की गोष्ट सुरू. मोबाईलपेक्षा बरी, हे आम्हा शिक्षकांना मान्य. वह्या तपासून थकलेल्या एका रात्री आम्हीही लेकीच्या उशाशी तसलीच पेटी ठेवली. ती “फिर?” विचारत राहिली. पेटी थांबली नाही. दखनी तर तिला येतच नव्हती. ऐकणारा जागा आहे की नाही याची पर्वा नसलेल्याला गोष्ट सांगणारा म्हणावे काय?

थकवा खरा होता. पण शेजारच्या खोलीत आम्ही जागेच होतो, मोबाईल पाहत.