अपत्यस्नेह : मोह की धर्म?

गृहस्थाश्रमी उपदेशी जनांकडून एक शंका वारंवार विचारली जाते. संबंधियांचा संबंध त्याज्य, असे आपले शास्त्र सांगते. मग आईबापांनी लेकरांवर प्रेम करावे काय, आणि केले तर ते उघड दाखवावे काय? शंका साधी दिसते. परंतु तिच्या उत्तरावर घरातील लहान जीवाचे सुखदुःख अवलंबून असते. म्हणून तिचा विचार नीट केला पाहिजे.

प्रथम अधिकारभेद ध्यानी घ्यावा. संबंधत्यागाचा आचार अनुसरलेल्या साधकासाठी आहे. जो वासनिक अद्याप घरी आहे, त्याने घर, शेत, पैका तसाच सांभाळावा आणि त्यागाचे नाव घेऊन माया तेवढी आखडावी, हे वैराग्य नव्हे. ते कार्पण्य होय.

श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना पुत्र, दारा, गृह यांच्या ठायी असक्ती आणि अनभिष्वंग सांगितले आहेत. असक्ती म्हणजे न गुंतणे. अनभिष्वंग म्हणजे त्यांच्याशी तद्रूप होऊन न जाणे. यांपैकी कोणत्याही शब्दाचा अर्थ स्नेहाचा अभाव असा होत नाही. शिवाय त्याच श्लोकात इष्ट आणि अनिष्ट प्राप्त झाले असता समचित्त राहावे, असेही सांगितले आहे. मुलाला परीक्षेत यश आले की कुरवाळावे आणि अपयश आले की तोंड फिरवावे, ही समचित्तता कशी? असा बाप मुलावर नव्हे, स्वतःच्या प्रतिष्ठेवर प्रेम करीत असतो. मोह तो हाच. बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे म्हणून भूतमात्राविषयी मैत्री आणि करुणा सांगितली आहे. त्यातून आपले मूल वगळावे, असे तेथे म्हटलेले नाही.

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ आपण मानतो. आपले मूल हाही एक स्वतंत्र, अनादि जीव आहे. तो आपल्या कर्माने आपल्या घरी आला आहे. 'हा माझा' ही भावना मोहाची. 'हा माझ्या आश्रयास आला आहे' ही भावना धर्माची. पहिलीत मालकी आहे, दुसरीत जबाबदारी.

आता श्रीचरित्राकडे पाहू. श्रीगोविंदप्रभू ऋद्धिपुरात मुलांबरोबर खेळत. तेथील जन त्यांनाच माता आणि पिता मानीत. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी नागदेवाचार्यांना 'वानरेया' अशा लडिवाळ नावाने हाक मारीत. केशोबासांनी संस्कृतात ग्रंथरचना करू म्हटले, तेव्हा भटोबासांनी त्यांना थोपविले. कारण त्यामुळे भाबड्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला वंचित झाल्या असत्या. प्रेम हे घेणाऱ्याच्या भाषेत बोलावे लागते. लेकराची भाषा म्हणजे कुशीत घेणे, पाठीवर हात फिरविणे, त्याचे बोलणे पुरते ऐकून घेणे. ती न बोलता 'मनात माया आहेच' असे म्हणणे, हे त्याच्यापुरते संस्कृतच होय.

स्वामींच्या ठायी वेध आणि बोध अशा दोन्ही शक्ती होत्या. जीव आधी वेधले जात, मग त्यांना बोध होई. आपण सामान्य जीव; त्या शक्तीशी आपली तुलना नाही. पण क्रम मात्र शिकण्यासारखा आहे. स्नेहाने न वेधलेल्या मुलाला केलेला उपदेश कानापर्यंतच जातो. आणि ज्या पंथाने अहिंसा प्राणापलीकडे जपली, त्याच्या घरात लेकरावर हात उगारणे किंवा शब्दाने त्याला घायाळ करणे, हे कशात बसते?

हे लिहिण्याचा अधिकार मला चुकीतून मिळाला आहे. शहाद्यात आमच्या घरी एकदा साधुजन आले असता माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने त्यांच्यापुढे पाठ म्हणून दाखविला. दोन ठिकाणी चुकला. मी सर्वांसमक्ष त्या दोन चुका तेवढ्या सांगितल्या. त्यानंतर तो माझ्यापुढे कधी पाठ म्हणाला नाही, आणि मीही कारण विचारले नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेस आम्ही तापीकाठी सारंगखेड्यास एकमुखी श्रीदत्तप्रभूंच्या दर्शनाला गेलो होतो. घोडेबाजाराच्या गर्दीतून तो आपल्या मुलीला खांद्यावर घेऊन चालला होता. ती बोबड्या बोलात नामस्मरण करीत होती आणि चुकत होती. त्याने आधी तिला खाली घेऊन छातीशी धरले. मग चुकलेला शब्द हळूच तिच्याबरोबर म्हटला. मी पाहत उभा राहिलो.

रात्री घरी मी त्याच्याजवळ ती जुनी गोष्ट काढली आणि माझे चुकले, असे म्हणालो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आबा, तुम्हाला माझी लाज वाटते, असं मला वाटायचं."

मला त्या दिवशी त्याचा अभिमान वाटला होता. ते त्याला कळायला इतकी वर्षे लागली, कारण मी ते सांगितले नव्हते.

म्हणून वासनिक बंधुभगिनींना विनंती एवढीच : मालकी सोडावी, अपेक्षांचे ओझे सोडावे, स्नेह सोडू नये आणि झाकूनही ठेवू नये. लेकरू लहान असेल तर आजच जवळ घ्यावे. मोठे झाले असेल तर आपली चूक आपण होऊन बोलून दाखवावी. त्याने बापाचे मोठेपण कमी होत नाही.

दंडवत प्रणाम.