घड्याळाचा कस

बंगळूरच्या शिवाजीनगरात कमर्शियल स्ट्रीटला लागून ज्वेलर्स स्ट्रीट आहे. भागाचं नाव शिवाजीनगर असलं तरी कानावर पडते ती उर्दू, तमीळ आणि कन्नड. जुन्या माणसांच्या तोंडी तर अजून ब्लॅकपल्लीच. मराठी ऐकायची तर एखाद्या सोन्याच्या दुकानामागच्या अरुंद जिन्यानं माडीवर जावं. तिथं भट्टी भणभणत असते आणि कुणीतरी खानापूर तालुक्याच्या हेलात ओरडत असतो, "आरं, मूस बघ, मूस!" विटा, खानापूर, आटपाडीकडची ही गलाईवाली माणसं. दुष्काळानं गाव सोडायला लावलं आणि जुनं सोनं आटवून शुद्ध करायच्या धंद्यानं देशभर पोट भरलं.

अशाच एका माडीवर एक मामा होता आणि त्याचा चोवीस वर्षांचा भाचा. गोष्ट त्या दोघांची.

मामाची सकाळ ठरलेली. दुकान उघडलं की आधी मऊ फडक्यानं काटा पुसायचा, मग डबीतलं १०० ग्रॅमचं पितळी वजन चिमट्यानं उचलून त्यावर ठेवायचं. बरोब्बर शंभर उमटले की मग उदबत्ती. काटा इलेक्ट्रॉनिक, वजनमापवाल्यांचा वर्षाचा शिक्का त्यावर ताजा; तरी हा विधी कधी चुकला नाही. भाच्याला त्याची गंमत वाटायची. काल बरोबर होता तो काटा आज चुकेल कसा?

मामाला रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. मग दोघं पहाटे कब्बन पार्कात जाऊ लागले. मामा चालायचा, भाचा पळायचा. नोव्हेंबरात भाच्यानं पगार साठवून मनगटावरचं घड्याळ आणलं. पावलं, झोप, हवामान, नाडी, सगळं त्यात. दुकानात त्यानं पडद्याची चमक पाहिली, पट्ट्यांचे रंग पाहिले, सोयी मोजल्या त्या चाळीसच्या वर भरल्या. नाडी ते कसं मोजतं, हे मात्र विचारायचं राहून गेलं.

फोनवरच्या तक्त्यानं त्याला सांगितलं होतं, दमसास वाढवायचा तर हलकं पळ, नाडी १५० च्या वर जाऊ देऊ नको. हा पळायला लागला की दहाव्या मिनिटाला घड्याळ थरथरायचं. १६५. १६८. बिचारा वेग कमी करायचा, मग चालायचाच. तीन आठवडे हेच. धाप लागलेली नाही, पाय ताजेतवाने, आणि हा तोंड पाडून बाकावर बसलेला.

"मामा, माझं हृदयच कमजोर दिसतंय."

"कोण म्हणतं?"

"घड्याळ."

मामानं घड्याळाकडं पाहिलंच नाही. म्हणाला, "पळ बरं परत, हितनं त्या वडापतूर. बोलत पळ." भाचा पळाला, विट्याच्या बसपासून मामीच्या शेंगदाण्याच्या चटणीपर्यंत सगळं बोलला. घड्याळावर १६८. मामा बाजूनं झपाझपा चालत त्याच्या बुटांचा आवाज मोजत होता. पंधरा सेकंदांत ४२ पावलं. मग त्यानं भाच्याला थांबवलं, मनगट धरलं, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं टेकवली आणि आपल्या जुन्या काट्याच्या घड्याळावर पंधरा सेकंद धरले. ३३ ठोके.

"तेहतीस चोक?"

"१३२."

"आणि बेचाळीस चोक?"

भाचा गप्प. १६८. त्याचं महागडं घड्याळ तीन आठवडे त्याची पावलं मोजून नाडी म्हणून दाखवत होतं.

यात घड्याळाची लबाडी नव्हती. मनगटावरचं यंत्र कातडीत हिरवा उजेड सोडतं. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं, म्हणून प्रत्येक ठोक्याला परत येणारा उजेड कमीजास्त होतो. त्या लुकलुकीवरून नाडीचा अंदाज. पट्टा सैल असला की प्रत्येक पावलाला घड्याळ हलतं, उजेड तसाच हलतो आणि यंत्र त्या तालाला भुलतं. पहाटेच्या थंडीत कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसल्या की आणखी पंचाईत. भाच्याचा पट्टा तर बांगडीसारखा मनगटाच्या हाडावर खुळखुळत होता. ते हाड सोडून बोटभर वर, बेताचं घट्ट बांधलं असतं तर निम्मा घोटाळा तिथंच मिटला असता.

"तुझ्या हाताला नवं यंत्र लागून तीन आठवडं झालं," मामा म्हणाला, "आणि एक दीसबी त्याचा कस लावला न्हाईस. गिऱ्हाईक अंगठी आणतं, बावीस कॅरट म्हणतं. आपण दगडावर घासल्याबिगर पैसं मोजतो का? मोजणाऱ्यालाबी मोजावं लागतं, भाच्या."

भाच्याला पटलं, पण तरुण पोराला पटतं तसं, म्हणजे अर्धवट. घड्याळच वाईट, असा अर्थ त्यानं काढला आणि छातीचा पट्टा घ्यायचं ठरवलं. हा पट्टा उजेडाच्या फंदात पडत नाही. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाला जी बारीक वीज निघते ती छातीवरच टिपतो, म्हणून पळताना, वजनं उचलताना तो जास्त भरवशाचा. तारेवाचून मनगटावर आकडा पाठवणारं असं यंत्र फिनलंडच्या पोलर कंपनीनं १९८२ साली बाजारात आणलं, तेही बर्फावर घसरत पळणाऱ्या खेळाडूंच्या गरजेतून. या खेपेला मामा दुकानात बरोबर गेला. त्याचे प्रश्न तीनच. पट्टा फाटला तर नुसता पट्टा मिळतो का? सेल घरी बदलता येतो का? याच्या जुन्या फोनशी जुळतं का? दुकानदार रंग दाखवत होता, मामानं ते हातानंच बाजूला सारले.

पहिला महिना झकास गेला. पट्ट्याच्या आतल्या दोन रबरी पट्ट्या नळाखाली ओल्या करायच्या, छातीच्या स्नायूंखाली आवळून बांधायचा, की ठोका न् ठोका स्वच्छ. पळून आलं की मात्र पट्टा तसाच घामट, वरच्या यंत्राच्या डबीसकट, पिशवीत. पिशवी खुंटीला. डबी पट्ट्यावर तशीच राहिली आणि पट्टा ओला असला की यंत्राला वाटतं, अजून छातीवरच आहोत. ते जागं राहतं, सेल पितं. आणि घामाचं मीठ? ते आपलं काम मुकाट्यानं करत राहतं.

फेब्रुवारीत एका पहाटे भाचा बुटाची नाडी बांधत होता. छातीतली नाडी फोनवर दिसत होती: २१२. मग ४८. मग २३०. मग काहीच नाही. पोरगं घामानं डबडबलं. जिना चढून धडपडत भट्टीपाशी आलं.

"मामा, माझं काहीतरी झालंय."

मामानं हातातला चिमटा खाली ठेवला. "छातीत दुखतंय? चक्कर? श्वास लागतोय?" तिन्हीला मान नकारार्थी हलली. तसं असतं तर मामानं त्याला थेट इस्पितळात नेलं असतं, नाडी मोजत बसला नसता. मग ती दोन बोटं. बावीस चोक अठ्ठ्याऐंशी, आणि तेही जिना चढून, घाबरून. "घोडा हायस," मामा म्हणाला. "यंत्र दाव."

पट्टा त्यानं खिडकीपाशी उजेडात धरला. रबरावर समुद्रकाठच्या खडकासारखी पांढरी साय. नखानं खरवडली तर पावडर झाली. वास असा की मामीनं पदर नाकाला लावला.

मग मामानं जे केलं ते बघण्यासारखं होतं. सोन्याचा कण हरवू नये म्हणून ज्या परातीत तो हात धुतो तीत कोमट पाणी घेतलं, सौम्य साबणाचे दोन थेंब टाकले, डबी काढून बाजूला ठेवली आणि पट्टा पाण्यात सोडला. पाणी गढूळ झालं. बोटाच्या पेरानं त्यानं रबर हळूहळू चोळलं, जसं कसोटीचा दगड पुसतात. भाचा पिळायला पुढं झाला तर हातावर चापट बसली. पिळला की आतले विजेचे धागे तुटतात. तीनदा स्वच्छ पाणी. उन्हात नाही, सावलीत, सपाट फडक्यावर पसरून. डबीचं झाकण नाण्यानं फिरवून उघडलं. आत सेल मेलेला, आणि झाकणाच्या रबरी कड्यावर कापसाचा एक तंतू अडकलेला. तो मामानं चिमट्यानं काढला. सोनं वेचणारा चिमटा एका तंतूसाठी वापरलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"एवढा तंतू पुरतो," तो म्हणाला. "इथनं घाम आत शिरला की यंत्र संपलं. आपला काटा पंधरा वरसं टिकला तो कंपनीमुळं न्हाई, फडक्यामुळं."

नवा सेल बसला. दुसऱ्या दिवशी पट्टा छातीवर ७४ दाखवत होता, बोटंही ७४ च्या आसपासच म्हणत होती. भाच्यानं या वेळी आपणहून ताळा केला.

इथं गोष्ट संपली असती तर सोपं होतं. पण त्या रविवारी भाच्याला हुरूप आला. कब्बन पार्कात रविवारी गाड्या बंद असतात, रस्ता मोकळा. त्यानं पट्टा मामाच्या छातीवर बांधला. "मामा, तुमचं वय ५६. २२० वजा ५६, १६४. त्याचे सत्तर टक्के ११५. तिथंवर न्यायची." मामा चालू लागला. ९०. ९४. ९७. कपाळावर घाम, बोलताना वाक्य मधेच तुटायला लागलं.

"अजून अठरा हवेत, मामा! जोरात!"

मामा थांबला. एका झाडाला टेकला.

"यंत्र खोटं बोलतंय का?" भाच्यानं विचारलं आणि स्वतःच मामाचं मनगट धरलं. चोवीस चोक. शहाण्णव. यंत्र खरं होतं.

"मग?"

"मग काय. काटा खरा हाय, पण चांदीचा भाव लावून सोनं इकशील तर काटा काय करंल?" मामानं दम घेतला. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, ती गोळी ठोका वर जाऊच देत न्हाई. माझा आकडा तुझ्या तक्त्यात बसणार न्हाई. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत न्हाई, एवढंच बघून चाला म्हणाल्या."

आणि ते २२० वजा वय हे सूत्रही ढोबळच. दोन सारख्याच वयाच्या निरोगी माणसांच्या वरच्या टोकात दहा-बारा ठोक्यांचा, कधी त्याहून जास्त फरक सहज पडतो. भाच्यानं फोनमधला तक्ता पुसून टाकला की नाही ठाऊक नाही. पण परत येताना तो मामाच्या चालीनं चालला आणि दर शंभर पावलांवर "मामा, काहीतरी बोला" म्हणत राहिला. मामा शिव्या देत होता. शिव्या सलग येत होत्या, म्हणजे दम शाबूत होता.

आता त्या माडीवर, काट्याशेजारी भिंतीत एक खिळा वाढला आहे. दुपारी रसेल मार्केटकडून भाजीच्या पिशव्या घेऊन मामी वर येते तेव्हा त्यावर पट्टा सुकत असतो आणि डबी खाली पितळी वजनाच्या शेजारी वेगळी ठेवलेली. मनगटावरचं घड्याळही भाच्यानं टाकलं नाही, हाडाच्या बोटभर वर बांधतो.

सकाळी दुकान हल्ली तोच उघडतो. फडकं, चिमटा, वजन. शंभर उमटले की दोन बोटं स्वतःच्या मनगटावर. मग उदबत्ती. परवा मामी नळापाशी ओरडली, "पिण्याच्या पाण्यात काय धुतोयस रं रोज?"

"काटा धुतोय, मामी," तो म्हणाला आणि नळ जरा बारीक केला.